ग्रंथालयात काम करता करता शिकायचं कसं: काउंटरवरच्या "नाही"पासून सुरुवात

हे मुख्यतः गावातल्या नाहीतर तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी लिहितेय. म्हणजे जिथे ग्रंथपाल, एखादा लिपिक किंवा निर्गम सहायक (पुस्तकं देणारा-घेणारा) आणि एक शिपाई एवढाच स्टाफ असतो, आणि "ड" वर्गात (सरकारी दर्जांमधला सगळ्यात खालचा) तर बहुतेकदा ग्रंथपाल एकटाच, तोच कुलूप उघडणार, तोच झाडून घेणार, तोच देवघेव बघणार आणि तपासणी आली की रात्री बसून रजिस्टरंही तोच पूर्ण करणार. अशा ठिकाणी कोणी "कर्मचारी विकास", "सतत सुधारणा" वगैरे बोलायला लागलं की पहिल्यांदा हसूच येतं, कारण मानधन केवढं आणि ते अनुदानाचा हप्ता आल्यावर मिळणार, त्यात हे कुठून. पण खरं सांगायचं तर हे छोट्या ग्रंथालयातच जास्त जमतं, कारण अडचण बघणारा आणि ती दूर करू शकणारा माणूस एकच असतो, मधे फाइल फिरत नाही.

दुसरं म्हणजे शिकणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कार्यशाळा येते. उद्घाटन, पुष्पगुच्छ, दोन भाषणं, जेवण, सर्टिफिकेट. त्यातून काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही (त्याबद्दल पुढे आहेच), पण रोजच्या कामातलं शिकणं काउंटरवर आणि कपाटांच्या मधल्या बोळात होतं, आणि ते आपोआप होत नाही, त्याला थोडी शिस्त लावावी लागते. ती कशी लावायची ते सांगते.

आधी "नाही"ची वही

साधी दोनशे पानी वही घ्या आणि काउंटरवर दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पेनासारखी तीही कोणीतरी घेऊन जातं. वाचकाला आपण जितक्या वेळा "नाही" म्हणतो तितक्या वेळा त्यात एक ओळ लिहायची. रकाने चारच: तारीख, काय मागितलं, आपण काय सांगितलं, कारण काय. कारणासाठी खुणा ठरवून टाका म्हणजे गर्दीतसुद्धा लिहिता येईल. मी सुचवेन ते असं: "न" म्हणजे आपल्याकडे पुस्तकच नाही, "बा" म्हणजे कोणीतरी नेलंय, "स" म्हणजे दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, म्हणजे दाखल अंक, देणारं रजिस्टर) आहे पण कपाटात सापडलं नाही, "बाइं" म्हणजे बाइंडिंगला गेलंय, आणि "म" म्हणजे मलाच सांगता आलं नाही. ही शेवटची खूण लिहायला सगळे कचरतात आणि शिकण्याच्या दृष्टीने सगळ्यात कामाची तीच.

सभासदाचं नाव मात्र या वहीत लिहायचं नाही. कोण काय वाचायला मागतं ही त्याची खासगी गोष्ट आहे, आणि गावात तर ही वही उघडी पडली की चर्चेला विषयच होतो. एखादं पुस्तक कोणाला हवंय म्हणून राखून ठेवायचं असेल तर त्याची मागणी वही वेगळी.

लिहायचं कोणी, तर ज्याने "नाही" म्हटलं त्याने. शिपाई बऱ्याचदा ग्रंथपालापेक्षा जास्त वेळा "नाही" म्हणतो, कारण वाचक दारात शिरताना त्यालाच विचारतात, "अहो, या महिन्याचे अंक आले का?" त्यालाही पेन द्या. तो लिहायला बिचकत असेल तर त्याने नुसतं सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं.

दोनतीन आठवडे फक्त लिहायचं, बाकी काही बदलायचं नाही. हा संयम अवघड जातो, कारण पहिल्या चार दिवसांतच दोषी कोण ते कळलंय असं वाटायला लागतं.

मग खुणा मोजा आणि एकच विषय धरा

कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही, उभ्या रेघा मारून मोजा. बहुतेकांना वाटतं "न" सगळ्यात जास्त निघणार, म्हणजे पुस्तकं कमी, म्हणजे पैसे नाहीत, म्हणजे आपल्या हातात काही नाही. आणि मोजल्यावर बऱ्याचदा "स"ची रांग लांबलचक असते. पुस्तक आहे, त्याचे पैसे दिलेत, दाखल अंक पडलाय, फक्त सापडत नाहीये. याला अनुदान वाढायची वाट बघावी लागत नाही.

समजा "स" धरलं. आता कारणाच्या मागचं कारण शोधत जायचं. जपानच्या टोयोटा कारखान्यात "का" हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत होती, ती इथे चपखल बसते. पुस्तक कपाटात का नाही? परत आलं पण लावलं गेलं नाही. लावलं का नाही? परत आलेली पुस्तकं काउंटरमागच्या टेबलावर साठतात. का साठतात? संध्याकाळी गर्दी असते आणि सकाळी शिपाई बँकेत किंवा पोस्टात गेलेला असतो. मग दुसरं कोणी का लावत नाही? कारण पुस्तक कुठल्या कपाटात जातं हे फक्त त्यालाच माहीत. का? कारण पाठीवरच्या चिठ्ठ्यांवरचे वर्गांक (विषयाचे आकडे) पुसट झालेत, तो बाइंडिंगच्या रंगावरून ओळखतो! बघा, सुरुवात "पुस्तक हरवलं" पासून झाली आणि आपण पोचलो चिठ्ठ्यांवर, म्हणजे गोंद, जाड कागद आणि चांगल्या मार्करवर.

यात "कोणी केलं" हा प्रश्न कुठेच आला नाही. तो आला की वही संपली म्हणून समजा, दुसऱ्या दिवसापासून "स"च्या जागी सगळे "बा" लिहायला लागतात.

बदल एका कपाटावर करून बघा

उत्साहात सगळ्या ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या बदलायला घेऊ नका, अर्धवट राहतात आणि मग अर्ध्या जुन्या अर्ध्या नव्या अशी अजून मोठी गंमत होते. एक कपाट घ्या, शक्यतो कादंबऱ्यांचं, कारण हात सगळ्यात जास्त तिथे लागतात. ड्यूईप्रमाणे (विषयांना आकडे देणारी वर्गीकरण पद्धत) लावत असाल तर ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरी, पण या एका आकड्याखाली आपल्याकडे भिंतभर पुस्तकं असतात, तर नुसत्या वर्गांकाने काही होत नाही, खाली लेखकाच्या आडनावाची दोनतीन अक्षरं ठळक हवीतच. बरीच ग्रंथालयं ड्यूई वापरतच नाहीत, कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, धार्मिक असे विषय आणि त्यात दाखल अंकाने लावतात. तेही चालतं हो, फक्त तुम्ही सुट्टीवर असताना दुसऱ्याला पुस्तक सापडलं पाहिजे.

सुरू करायच्या आधी एक मोजमाप घ्या. दाखल नोंदवहीतून त्या कपाटातली कुठलीही वीस पुस्तकं निवडा, बाहेर गेलेली वगळा, आणि शिपाई सोडून दुसऱ्या कोणालातरी शोधायला सांगा. किती सापडली आणि किती वेळ लागला एवढं लिहून ठेवा. मग चिठ्ठ्या बदला, कपाटाच्या बाजूला आतल्या आडनावांची यादी लावा, आणि रोज उघडल्यावर पंधरा मिनिटं त्या कपाटातली पुस्तकं क्रमाने आहेत का ते बघायचं. महिन्याने पुन्हा वीस पुस्तकं. फरक पडला तर पुढचं कपाट, नाही पडला तर चिठ्ठी हे कारणच नव्हतं, पुन्हा वहीकडे.

मॅनेजमेंटवाले याला पीडीसीए म्हणतात, शूहार्ट आणि डेमिंग या अमेरिकन मंडळींच्या कामातून आलेली पद्धत. आपल्या भाषेत ठरवा, करून बघा, मोजा, मग पक्कं करा किंवा सोडून द्या. यातलं मोजणं आपण हमखास गाळतो, आणि सोडून देणं तर त्याहून, कारण एकदा सुरू केलेली गोष्ट बंद केली की कार्यकारी मंडळात कोणीतरी विचारणार "मग केली कशाला?" त्याला उत्तर तयार ठेवा, एका कपाटावर केलं होतं, खर्च एवढाच झाला, उपयोग झाला नाही म्हणून थांबवलं.

आठवड्यातून अर्धा तास, वाचक नसताना

दोघंच असाल तरी हा अर्धा तास ठरवून घ्या. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी, किंवा उघडायच्या आधी. संध्याकाळी बंद करताना नको, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि कोणाचीतरी शेवटची एसटी असते. चहा मागवा, त्याचा खर्च किरकोळमध्ये टाका.

बोलायची सुरुवात हुद्द्याने सगळ्यात लहान माणसाने करायची. हा नियम मोडू नका. ग्रंथपाल आधी बोलला की बाकीचे "हो मॅडम" म्हणून मोकळे होतात. पहिली दहा मिनिटं वहीतल्या "म" खुणा. कोणीतरी विचारलं की "सातबाऱ्यासंबंधी काही पुस्तक आहे का", "मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी काय देऊ", आणि आपल्याला सांगता आलं नाही. त्याचं उत्तर तिथेच सगळ्यांनी मिळून शोधायचं, कपाटाकडे जाऊन पुस्तक हातात घेऊन. पुढची दहा मिनिटं एकाने दुसऱ्याला एक काम शिकवायचं, एकच. नियतकालिकांची नोंद, वर्गणीची पावती फाडून किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) घेणं, अनामत परत करणं, जे असेल ते. उरलेल्या वेळात चालू बदलाचं काय झालं ते.

मासिक बैठकीसारखं इतिवृत्त लिहायला बसू नका. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि दोन ओळी पुरतात.

एकटाच स्टाफ असेल तर? मग शेजारच्या गावातला ग्रंथपाल धरा. महिन्यातून एकदा फोनवर दोघांनी आपापल्या वह्या वाचून दाखवायच्या, आणि वर्षातून एकदा एकमेकांच्या ग्रंथालयात दिवसभर नुसतं बसायचं, सत्कार वगैरे न करता. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथनसुद्धा असेच घडले. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आधी त्या कामाचा कंटाळा आला होता, मग इंग्लंडला जाऊन तिथली ग्रंथालयं हिंडून बघितली आणि परत येऊन कामालाच लागले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी "वाचकाचा वेळ वाचवा" हे चौथं आणि "ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे" हे पाचवं. पाचवं सूत्र आपण भिंतीवर लावतो. चौथं घड्याळ लावून मोजता येतं, म्हणून मला तेच जास्त जवळचं.

संगणक: शिकणाऱ्याचा हात माऊसवर

कोहा घ्या (न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेलं, फुकट मिळणारं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) किंवा एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय घ्या, नाहीतर अजून एक्सेलवरच असा, शिकवायची पद्धत तीच. शिकवणाऱ्याने हात मागे बांधायचे. आपण "थांबा, मी दाखवतो" म्हणत माऊस ओढून घेतो आणि तीस सेकंदांत काम करून दाखवतो, समोरचा मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतो. त्याच्या हाताने चुकतमाकत पाच मिनिटं लागू देत. आधी बॅकअप घ्या आणि सरावासाठी एक खोटा सभासद आणि पाचसहा खोटी पुस्तकं ठेवा, म्हणजे चुकायची भीती राहत नाही.

एका आठवड्यात एकच काम: देणं-घेणं, मग मुदतवाढ, मग नवीन सभासद, मग शोध. नोंदी करणं सगळ्यात शेवटी, कारण तिथल्या चुका वर्षानुवर्षं राहतात.

नोंदींबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण मराठी ग्रंथालयांचं दुखणं इथेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक आहे, कपाटातही आहे, आणि शोधलं की "सापडले नाही". याची कारणं ठरलेली असतात. एक, जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला, तो कन्व्हर्टरमधून काढताना जोडाक्षरं तुटलेली. दोन, लेखकाचं नाव एकाने आडनाव आधी लिहिलं, दुसऱ्याने नंतर, आद्याक्षरांमध्ये कोणी टिंब दिलं, कोणी टिंब आणि जागा दिली. तीन, "हिंदी" आणि "हिन्दी", "पंडित" आणि "पण्डित". चार, आणि हे लवकर लक्षातच येत नाही, "दऱ्या", "सुऱ्या" मधला तो अर्धा र दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतो, एक नुक्तावाला (खाली टिंब असलेला) र आणि हलंत (पाय मोडायची खूण), दुसरा साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, पण संगणकाला वेगळे. मग एकाने संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डने भरलेलं पुस्तक दुसऱ्याला मोबाईलच्या कीबोर्डवरून शोधताना मिळेलच याची खात्री नाही.

यावर उपाय म्हणजे एक पानाचा नियम, सगळ्यांनी मिळून केलेला आणि संगणकाशेजारी चिकटवलेला. आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. आद्याक्षरानंतर टिंब, मग एक जागा. अनुस्वार वापरायचा ("हिंदी"), परसवर्ण, म्हणजे जोडलेला न-ण ("हिन्दी"), नाही. कीबोर्ड सगळ्यांचा एकच. आकडे मराठी की इंग्रजी ते ठरवा, काही ठरवा पण एकच ठरवा. आणि शोध सापडला नाही की वहीत "स"च्या पुढे "सं" अशी खूण करून वाचकाने जसं टाइप केलं तसंच लिहून ठेवा, दर आठवड्याला त्यातल्या थोड्या नोंदी दुरुस्त करायच्या. वर्षभरात, सगळ्यात जास्त मागणी असलेला भाग आपोआप साफ होतो, आणि जो कोणी मागतच नाही त्याच्यावर वेळ वाया जात नाही.

कामाची वही लिहावी नव्या माणसाने

प्रत्येक कामाला एक पान. अनुभवी माणसाला लिहायला सांगू नका, तो "नेहमीप्रमाणे नोंद करावी" असं लिहितो, आणि नेहमीप्रमाणे म्हणजे कसं हेच तर नव्याला माहीत नसतं. जो नुकताच शिकला त्याला अडलेल्या जागा ताज्या आठवत असतात, कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात, शिक्का कोणत्या पानावर, सही कोणाची. त्याने लिहायचं, जुन्याने फक्त चुकलेलं सुधारायचं. मग तिसऱ्या माणसाला ते पान देऊन काही न सांगता काम करायला लावा. जिथे तो थांबून मान वर करेल तिथे पान अपुरं आहे.

बाहेरचं प्रशिक्षण

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याला १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, तिथून निघणाऱ्या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असायचा. म्हणजे महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये आला त्याच्या अर्धशतक आधी मराठीत ग्रंथपालनावर लिहिलं-वाचलं जात होतं.

आता कार्यशाळेचं आमंत्रण आलं की काय करायचं. जाणाऱ्याने वहीतला एक प्रश्न घेऊन जायचं, नेमका, म्हणजे "बालविभागातली मुलं सातवीनंतर येणं का थांबतात" असा. चहाच्या सुट्टीत तो चार जणांना विचारायचा. माझ्या मते भाषणांपेक्षा जास्त माल तिथेच मिळतो. परत आल्यावर त्याच आठवड्याच्या अर्ध्या तासात त्याने दहा मिनिटं सांगायचं आणि एक गोष्ट करून बघायला घ्यायची. आणि दर वेळी ग्रंथपालानेच जायचं असं नाही, निर्गम सहायकालाही पाठवा. त्या दिवसाचा प्रवासभत्ता संस्थेने द्यावा, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून कोणी शिकायला गेलं तर दुसऱ्यांदा जाणार नाही.

कार्यकारी मंडळाला काय सांगायचं

शब्द कमी, आकडे जास्त, आणि एकच पान. "कर्मचाऱ्यांच्या क्षमतावृद्धीसाठी" असं सुरू केलंत तर विषय क्रमांक नऊवर जाईल आणि वेळेअभावी पुढच्या बैठकीत. त्याऐवजी: मागच्या महिन्यात इतक्या वाचकांना पुस्तक असूनही परत पाठवलं, एका कपाटावर असं केलं, वीसपैकी आधी इतकी सापडत होती आता इतकी, सगळ्या कपाटांना चिठ्ठ्या करायला इतका खर्च. मंडळावर शिक्षक, वकील, व्यापारी असतात, त्यांना हा हिशोब लगेच समजतो. पुस्तक निवड समितीलाही "न" खुणांची यादी द्या. खरेदी ठरावीक विक्रेत्याच्या सवलतीवर होते की वाचकांच्या मागणीवर, हा नाजूक विषय आहे, पण यादी टेबलावर असली की निदान बोलता तरी येतं.

दिवाळी अंकांचं उदाहरण

वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि शिकायला सगळ्यात चांगलं, कारण दर वर्षी तेच घडतं. अंक उशिरा येतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना तेच चारपाच अंक हवे असतात, दिवाळी अंक वाचायच्या योजनेचे जादा पैसे भरलेले सभासद रागावतात, अंक वेळेत परत येत नाहीत, आणि जानेवारीत शेवटी शेवटी पानं सुटलेले अंक उरतात. आपण दर वर्षी दमतो आणि "झालं एकदाचं" म्हणून विसरतो.

तर अंकांची योजना संपत आली की, अंक अजून डोळ्यासमोर असतानाच, अर्ध्या तासाच्या जागी एक तास बसा. चार प्रश्न: काय ठरवलं होतं, प्रत्यक्ष काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय वेगळं. उत्तरं इतकी बारीक हवीत की कामाला येतील. "नियोजन हवं" हे उत्तर नाही. "अमुक अंकाच्या दोनऐवजी चार प्रती", "पहिले पंधरा दिवस मुदत तीन दिवसांची", "अंक आल्या आल्या मधल्या पिना काढून दोऱ्याने शिवायचे आणि पुठ्ठा लावायचा", "कोणता अंक कोणाकडे याचा तक्ता दाराशी लावायचा नाही, भांडणं होतात", ही उत्तरं. हा कागद कामाच्या वहीत न लावता ऑर्डरच्या फाइलमध्ये लावा, सगळ्यात वर. कारण सप्टेंबरच्या सुमारास विक्रेत्याची यादी आली की ती फाइल उघडली जाणारच, मग ग्रंथपाल तोच असो की नवीन आलेला.